अण्णांच्या मोटारीला पडलेली चार भोके

अंबरनाथ पश्चिम,
मंगळवार, दुपार

ती. अण्णांस,

जयदेवचा नमस्कार. तो दोन्ही हात जोडून केला आहे असे समजावे. उजव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे सध्या हात नीट जुळत नाहीत, पण भाव तोच आहे. इकडे सगळे क्षेम आहे. (सगळे म्हणजे माणसे. मोटारीचे पुढे लिहितो.) कानपूरच्या थंडीबद्दल वर्तमानपत्रात वाचतो आणि इथे गोधडी अंगावर ओढून घेतो. सौ. वेणूवहिनींचे गुडघे तिकडच्या हवेत कसे आहेत? चि. बाळ आता शेजाऱ्यांच्या मुलांशी हिंदीत भांडतो असे तुमच्या मागल्या पत्रात होते. ते वाचून मालिनीला फार समाधान वाटले. भाषा आल्याची तीच खरी खूण, असे तिचे म्हणणे. संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पुडक्याने पाठवला आहे. तो हे पत्र पुढे वाचण्याआधी खावा.

तुम्ही कारखान्याच्या शिक्षणासाठी वर्षभर कानपूरला निघालात तेव्हा स्टेशनवर मोटारीची किल्ली माझ्या हातात ठेवून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दर रविवारी इंजिन सुरू करायचे, बदलापूरच्या पलीकडे गाडी न्यायची नाही आणि तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पहिल्या दोन मी अक्षरशः पाळल्या. तिसरीबद्दल एवढेच म्हणेन की ‘कुणाला’ या शब्दात मी स्वतः धरला जातो की नाही, हे गाडी सुटण्याच्या घाईत तुमच्याकडून स्पष्ट करून घ्यायचे राहिले. असो. मोटार सुखरूप आहे. तिला चार भोके पडली आहेत. त्यांपैकी तीन उपयोगाची आहेत.

हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवले असेल. ते पुन्हा उचलावे, कारण या भोकांना कारण आहे आणि ते कारण ऐकल्यावर तुम्ही भोके विसराल, असे मला वाटते. (कारण ऐकून तुम्ही जास्त रागवाल, असे मालिनीला वाटते. तुमची बहीण या नात्याने तिला तुमचा अंदाज जास्त असणार.) कारण म्हणजे आपली उमा. धाकटी म्हणून ती तुमच्या नजरेत अजून परकरातच असेल, पण ती आता तेवीस वर्षांची आहे, बदलापूरच्या शाळेत मुलांना पाढे शिकवते आणि दर गुरुवारी कल्याणला गाणे शिकायला जाते. दिवाळीनंतर तुम्ही आईंना पाहायला आला होतात, तेव्हा जेवताना म्हणाला होतात की घरात गा, देवळात गा, रेडिओवर मात्र नको. तुम्ही हे म्हणालात तेव्हा उमा ताक वाढत होती आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही याचे कारण असे, की मुंबई केंद्रावर जाऊन आवाजाची परीक्षा ती आदल्याच महिन्यात देऊन आली होती. डिसेंबरात पत्र आले. संक्रांतीनंतरच्या शनिवारी, सायंकाळी सव्वासहा वाजता, दहा मिनिटे, दोन भावगीते. हे तुम्हाला कोणी कळवायचे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि शेवटी कोणीच कळवले नाही. ते आता मी कळवत आहे.

आता अडचण अशी होती. आईंना (मी सासूबाई म्हणायला हवे, पण लग्न झाल्यापासून आईच म्हणत आलो) मांडीचे हाड मोडल्यापासून फळीवर निजून राहायला सांगितले आहे. त्यांना अंबरनाथला आमच्या क्वार्टरवर आणावे, तर रस्त्यातल्या धक्क्यांना डॉक्टर नको म्हणतात. बदलापूरला तुमच्या आळीत अजून वीज नाही, त्यामुळे आमचा घरचा रेडिओ तिकडे नेऊन उपयोग नाही. बॅटरीवर चालणारा रेडिओ त्या आळीत एकच आहे, तो दोन घरे सोडून भातगिरणीवाल्या कौसाबाईंकडे. कौसाबाई आणि आई यांचे विहिरीच्या रहाटावरून स्वातंत्र्य मिळाले त्या साली जे बिनसले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून एकमेकींशी शब्द नाही. तरी मी भीतभीत विचारून पाहिले. आईंनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि म्हणाल्या, “त्या बाईच्या खोक्यातून माझी मुलगी गायली, तर मी कानात बोळे घालीन.” थोड्या वेळाने भिंतीकडेच बघत म्हणाल्या, “पण ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं हो, जयदेव.”

अण्णा, हे दुसरे वाक्य मी सायकलवरून अंबरनाथला येईपर्यंत डोक्यात घोळवत होतो. आमच्या छपरीत तुमची मोटार उभी होती. मोटारीत बॅटरी असते. मोटारीला चाके असतात. मोटारीत रेडिओ बसवला की रेडिओ आईंच्या दाराशी जाईल, हा विचार मला इतका सोपा वाटला की आधी कोणाला कसा सुचला नाही याचे नवल वाटले. (तो सोपा नव्हता. पण एवढे समजायला मला तीन आठवडे आणि एक अंगठा लागला.)

उल्हासनगरच्या कँपात हासोमल म्हणून एक सिंधी गृहस्थ लष्कराचा मोडीत निघालेला माल विकतात. बराकीच्या पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात संसार. पळीपासून सर्चलाइटपर्यंत सगळे तिथे टांगलेले असते. शिकारपुरात त्यांचे ग्रामोफोनचे दुकान होते म्हणे. मोटारीचा रेडिओ म्हणताच त्यांनी एका पोत्याखालून लोखंडी पेटी काढली. ती आपल्या देवघरातल्या पेटीएवढी, पण वजनाला दगडी पाटा. एका लॉरीच्या बॅटरीला तारा लावून त्यांनी ती सुरू केली. आधी नुसती घरघर, मग दिवे हळूहळू तापले आणि कुठूनतरी एक बाई सिंधीत बातम्या सांगू लागली. “कराची,” हासोमल म्हणाले आणि स्टूल ओढून पेटीसमोर बसले. बातम्या संपल्यावर त्यांनी सुई दुसरीकडे नेली, डोळ्यांवरून पंचा फिरवला आणि म्हणाले, “ले जाओ साईं, चीज़ अच्छी है. लेकिन लगाने को औज़ार चाहिए. मैं लिख देता हूँ.”

त्यांनी एका कागदावर हत्यारांची यादी लिहून दिली. घरी येऊन उघडली तेव्हा लक्षात आले की ती सिंधीत आहे, उजवीकडून डावीकडे. मी ती उलटी धरली, आरशात धरली. शेवटी आमच्याकडे पापड विकायला येणाऱ्या सिंधी बाईंना मालिनीने बसवून चहा दिला आणि त्या एकेक शब्द वाचू लागल्या. पेचकस, पक्कड, पाना, कानस, हाताने फिरवायचे ड्रिल, लोखंडाची करवत, डाग द्यायचा कैया, कथील, राळ, तारांना गुंडाळायची काळी पट्टी. इथवर सगळे ठीक होते. शेवटचा शब्द होता ‘भें’, अर्धा शेर. भें म्हणजे काय ते बाईंना मराठीत सांगता येईना. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. “लंबा होता है, गोल, अंदर छेद होता है.” मला लगेच समजले की तारा ओवून न्यायची ही नळी असणार. कल्याणच्या तीन दुकानांत मी भें मागितले. दोघांनी नाही म्हटले. तिसऱ्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, आत गेला आणि चिनीमातीची एक नळी आणून म्हणाला, हेच ते. अर्धा शेर भरेना म्हणून आणखी दोन दिल्या. पुढे हासोमलना नळ्या दाखवल्या तेव्हा ते पोत्यांवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले. भें म्हणजे कमळकाकडी. त्यांच्या बायकोने सकाळी आणायला सांगितलेली भाजी त्यांनी त्याच कागदावर टिपून ठेवली होती. ती भाजी माझ्याबरोबर अंबरनाथला गेल्यामुळे त्या दिवशी त्यांना घरी काय ऐकावे लागले, तेही त्यांनी मला सांगितले. (नळ्यांपैकी एक मात्र अगदी बेतशीर बसली आहे. तुम्ही पाहालच.)

आता भोकांकडे येतो. रेडिओ पुढे डावीकडे, बसणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर टांगायचा आणि त्याची तार इंजिन आणि माणसे यांच्यामधल्या पत्र्यातून पलीकडे न्यायची, असे हासोमलनी समजावले होते. ड्रिल मी आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमधून मागून आणले. आम्ही रसायनवाले, वर्कशॉपची माणसे आम्हाला एरवी पेन्सिलसुद्धा देत नाहीत. फोरमनने ड्रिल देताना माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. रविवारी दुपारी मी तुमच्या गाडीत उताणा निजलो, पाय दाराबाहेर काढले आणि पत्र्याला भोक पाडायला सुरुवात केली. पत्रा सुटला, ड्रिल पलीकडे गेले आणि तिथे असलेल्या तारांच्या जुडग्यात शिरले. त्याबरोबर मोटारीचा हॉर्न वाजू लागला.

तुमच्या मोटारीचा हॉर्न केवढा आहे हे तुम्ही आत बसत असल्यामुळे तुम्हाला कळलेले नसणार. तो पंधरा मिनिटे वाजला. बॅटरीची तार सोडवली की तो थांबला असता, पण ती सोडवायला बारका पाना लागतो आणि माझ्याकडे दोन पाने होते, दोन्ही मोठे. मी तार दातांनी सोडवायचा विचारही केला. स्टेशनच्या बाजूने माणसे आली, कारखान्याच्या वसाहतीतून माणसे आली, कुणीतरी भोंगा झाला समजून डबा घेऊन पाळीवर निघाला. मोठ्या साहेबांची बायको दुपारची झोप मोडून छत्री घेऊन आली आणि हॉर्नच्या वरून मला काहीतरी विचारू लागली. मी बॉनेटखालून हात जोडले. शेवटी मालिनीने आतून विळी आणली आणि मला बाजूला व्हा म्हणाली. ती तार कापणार इतक्यात हॉर्न आपणच दमून थांबला. म्हणून अण्णा, कोणी कधी मोटारीत स्वतः रेडिओ बसवायचे म्हणाला, तर त्याला सांगावे की ड्रिल आणि कैया मागाहून आण. आधी बॅटरीच्या तारेला बसणारा पाना आण आणि सर्वांत आधी ती तार सोड. हे एक भोक बिनउपयोगाचे. तारा मी पुन्हा जोडल्या आहेत. हॉर्न आता वाजतो, फक्त डावीकडे वळताना वाजतो.

बाकीची तीन भोके नीट पडली. एक तारेचे, ज्यात चिनीमातीची नळी आहे, आणि दोन पेटी टांगायच्या पट्ट्यांची. डाग देण्याचा कैया मी मालिनीच्या शेगडीवर तापवत असे. त्या आठवड्यात आमच्या दुधाला, आमटीला आणि पाहुण्यांना दिलेल्या चहाला राळेचा वास होता. वितळलेले कथील अंगठ्यावर पडले ते याच काळात. मालिनीने पट्टी बांधली, आणि बांधता बांधता इतकेच विचारले, “तुम्ही लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतंत की हे काम करता येतं म्हणून?” मी नाही म्हणालो. “मग मला फसवलं असं म्हणता येणार नाही,” ती म्हणाली.

रेडिओचा परवाना काढायला पोस्टात गेलो, तर अर्जावर रेडिओ ठेवण्याची जागा लिहायची होती. मी मोटार लिहिले. मोटारीची जागा काय, म्हणून विचारले. मी छपरी म्हणालो. छपरी कोणाची म्हणून विचारले, ती कारखान्याची. मोटार कोणाची, तर मेहुण्यांची. मेहुणे कुठे, तर कानपूरला. कारकून सज्जन होता. त्याने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, “साहेब, ऐकणार कोण आहे?” मी म्हणालो, माझी सासू. त्याने पुढे काही न विचारता शिक्का मारला.

पहिल्यांदा रेडिओ लागला तेव्हा इंजिन चालू होते आणि आत नुसत्या लाह्या फुटत होत्या. इंजिन बंद केले आणि लाह्या थांबून स्वच्छ गुजराथीत कापसाचे भाव ऐकू आले. अण्णा, मला कापसात काडीचाही रस नाही, पण मी ते भाव शेवटपर्यंत ऐकले. मालिनी पदराला हात पुसत आली आणि मागच्या सीटवर बसून तिनेही ऐकले. म्हणजे गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून, नुसत्या बॅटरीवर रेडिओ लावायचा, हे ठरले. इथे मला एक कबुली द्यायची आहे. शुक्रवारी मी कारखान्यात पोटदुखी कळवली आणि मुंबईतल्या क्रिकेट सामन्याचे धावते वर्णन तुमच्या मोटारीत बसून दिवसभर ऐकले. तपासणी म्हणून. चहापानापर्यंत तपासणी झाली होती, पण सामना रंगला होता. बॅटरी भरायला इंजिन चालवावे लागते हे मला माहीत होते. ते मी रविवारवर ठेवले. हा माझा दोष आहे आणि तो मी मालिनीला अजून नीट सांगितलेला नाही.

शनिवारी दुपारच्या गाडीने मालिनी उमाला घेऊन मुंबईला गेली. उमाने हिरवी साडी नेसली होती. (रेडिओवर साडी दिसत नाही, असे मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे पाहिले.) मी तीनला मोटार काढली. एरियल म्हणून मागच्या बंपरला एक उंच बांबू बांधून त्यावर तांब्याची तार गुंडाळली होती. वाटेत लोक लग्नाची गाडी समजून थांबत होते. खरवईच्या वळणावर मी डावीकडे वळलो, हॉर्न वाजला, बांबू एका घराच्या दोरीत अडकला आणि एक धोतर माझ्याबरोबर बदलापूरपर्यंत आले. ते मी परत नेऊन दिले आहे.

तुमची आळी किती रुंद आहे हे तुम्ही विसरला नसाल. मी विसरलो होतो. तुम्हीसुद्धा गाडी नेहमी तोंडाशीच उभी करत होता, हे मला तिथे पोचल्यावर आठवले. आळीच्या तोंडापासून आईंचे दार तीस पावलांवर. रेडिओ मी इतका पक्का बसवला होता की तो काढायला तेवढीच हत्यारे लागली असती आणि ती सगळी अंबरनाथला. पाच वाजत आले होते. मी बॉनेटवर डोके टेकून उभा होतो, तेव्हा लाकूडफाटा घालायला येणारा ठाकरवाडीचा धाकलू मोळी टाकून तिथे आला. त्याने सगळे ऐकून घेतले. “गाडी आत येत नाय ना? मंग आईला बाहेर आनू,” तो म्हणाला. डॉक्टरांनी हलवायचे नाही सांगितले आहे, असे मी म्हणालो. “हलवायचं कशाला? खाटंसकट उचलू. वाडीवरनं बायांना आमी झोळीत घालून डोंगर उतरवताव. ही तं खाट हाय, फळी हाय. पानी भरलेला तांब्या ठेव तिच्या उशाशी, सांडला तं बोल.” तो वाडीवरच्या वाळूला आणि आणखी दोघांना घेऊन आला, आणि धाकलूची बायको पुतळी उशाशी चालायला आली.

मी आत जाऊन आईंना विचारायला तोंड उघडले. आई केस विंचरून, ठेवणीतले लुगडे नेसून निजल्या होत्या. पुतळीने दुपारीच नेसवले होते म्हणे. “उशीर का केलास?” एवढेच त्या म्हणाल्या.

खाट मोटारीच्या डाव्या दाराशी टेकली. तांब्यातले पाणी सांडले नव्हते. धाकलूने बांबूवरची तार सोडून जांभळीच्या फांदीला बांधली, त्याने आवाज आणखी स्वच्छ झाला. आळीतली सगळी माणसे गोळा झाली होती. सव्वासहाला निवेदकाने नाव घेतले, कुमारी उमा लेले. आईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, जसा कोणी घरात आले की घेतात तसा. मग उमा गाऊ लागली. अण्णा, मला गाण्यातले काही कळत नाही. पण ती पोर रोज सकाळी शाळेत निघताना ज्या आवाजात ‘जाते गं आई’ म्हणते, तोच आवाज होता, आणि तो सगळ्या मुलखात ऐकू जात होता. आईंच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. पुतळी पुसत होती.

पहिले गाणे संपले आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला आवाज खाली गेला. मी बटण फिरवले. तो आणखी खाली गेला. पेटीतले दिवे तांबूस झाले. सामन्याची सगळी षटके मला एकदम आठवली. इंजिन सुरू करावे तर लाह्या फुटणार. न करावे तर आवाज जाणार. आई खाटेवरून मान उचलून दारात कान नेऊ लागल्या. मी गुडघे टेकून पेटीला कान लावला तर मुंगी बोलावी इतके ऐकू येत होते. त्या क्षणी मी तुमच्या मोटारीकडे पाहिले नाही, आईंकडेच पाहिले, आणि तेवढे वाईट मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटले आहे.

तेवढ्यात तेच गाणे आळीतून आले, भरघोस. मागे वळून पाहिले, तर कौसाबाईंनी आपला रेडिओ ओट्याच्या कठड्यावर आणून ठेवला होता, तोंड आमच्याकडे करून, आणि स्वतः त्याच्याशेजारी उभ्या होत्या. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. जांभळीकडे पाहत होत्या. मी आईंकडे पाहिले. मला वाटले आता भिंत शोधणार. आई धाकलूला म्हणाल्या, “उचला.”

चौघांनी खाट उचलली आणि गाण्याच्या अंतऱ्यात ती कौसाबाईंच्या ओट्याला टेकवली. मी मोटारीपाशी एकटाच राहिलो, मग मीही गेलो. कौसाबाई कठड्यावरून वाकल्या. “वयनी, आवाज मोटा करू?” त्यांनी विचारले. आई म्हणाल्या, “आहे तेवढा पुरे. अंतऱ्याला धावते आहे ती.” कौसाबाई म्हणाल्या, “तुमीबी धावायच्या. मंगळागौरीला तुमच्या मागनं आमचा दम तुटायचा.” मग दोघींनी गाणे संपेपर्यंत ऐकले. संपल्यावर कौसाबाईंनी रेडिओ बंद केला आणि आत जाऊन गूळपाणी आणले. ते आईंनी प्यायले.

मोटार अर्थातच सुरू झाली नाही. ती रविवारी सकाळी धाकलूच्या बैलांनी ओढून अंबरनाथला आणली. मी आत बसून चाक धरले होते. बॅटरी हासोमलकडे भरायला दिली आहे. तेव्हा कळवावे की रेडिओ तुम्ही येईपर्यंत गाडीत ठेवू की काढून भोके बुजवू? बुजवायचे असेल तर मला हत्यारे पुन्हा मागून आणावी लागतील, आणि फोरमन रजेवर गेला आहे.

वहिनींना नमस्कार आणि बाळला आशीर्वाद. चुकले ते पोटात घालावे, आणि पोट तिळगुळाने आधीच भरले असेल अशी आशा आहे.

तुमचा
जयदेव

ता. क. वर लिहिले ते सगळे खरे आहे, पण मी पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी नव्हे. उमासाठी लखनौच्या इंजिनियरांचे स्थळ तुम्ही मागल्या पत्रात कळवले होते. मुलगा चांगला आहे यात शंका नाही. पण त्याच्या वडिलांची अट आहे की मुलीने गाणे सोडावे, आणि तुम्ही होकार देण्याच्या बेतात आहात. उमाला हे नको आहे. ती मला म्हणाली, “तुम्ही लिहा, अण्णा तुमचं ऐकतात.” (असे तिला कोणी सांगितले, कळत नाही.) मी तीन दिवस धीर गोळा करत होतो. तुम्हाला भोकांचे सांगणे मला त्या मानाने सोपे वाटले म्हणून ते आधी सांगितले. मागणे एवढेच, की लखनौला नकार जावा आणि तो तुमच्या हातचा जावा. मोटारीबद्दल हवे तितके रागवा, पण तो राग तिच्यावर काढू नका.

जयदेव

अण्णा, हे पत्र यांनी पेटीत टाकायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. लखनौला नकार गेला. रविवारी सकाळी बदलापूरला आईने सांगितला आणि मी लिहिला. पत्ता तुझ्या पत्रात होताच. तेव्हा हे बैलांच्या मागे होते, आणि नंतर धीर गोळा करण्यात इतके गुंतले होते की मध्येच बोलावेसे वाटले नाही. आईने तुला मुद्दाम कळवायला सांगितले आहे, की रागवायचे असेल तर तिच्यावरच रागव. नकाराच्या पत्राखाली सही मी करू का म्हणून विचारले, तर म्हणाली, “मुलीची आई मी आहे.” मग तिने माझा आणि उमाचा हात धरला आणि उठून बसली. पडल्यापासून पहिल्यांदाच. सही जरा वाकडी आली आहे, पण पूर्ण नावाची आहे.

मालिनी